साथ आली की टीसीएल आठवते!

दर पावसाळ्यात तेच. गॅस्ट्रोने अर्धी आळी सलाइनवर गेली की मग ग्रामपंचायतीला टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, आठवते. तोवर पोतं कुठे? पंपघराच्या कोपऱ्यात, तोंड उघडं, ओल धरलेलं. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण अशी ठेवली की तो उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेली की ती वापरायचीच नाही, पण तपासतो कोण?

आणि टाकतात कशी, तर वरून मूठभर भिरकावून! अहो, हजार लिटरला 5 ग्रॅम या हिशेबाने मोजा, बादलीत कालवा, पावडरीतला चुना तळाशी बसू द्या, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा आणि तासभर ते पाणी वापरू नका. एवढंच तर आहे!

पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ओटी टेस्ट टाकीपाशीच घेऊन वहीत ‘पॉझिटिव्ह’ खरडण्यात काय अर्थ? शेवटच्या नळाला घ्या, पिवळा रंग तिथे दिसायला हवा. पाइपलाइनचा गळका व्हॉल्व्ह बसलाय गटारात. पुरवठा थांबला की घाण पाणी आत ओढलं जातं. व्हॉल्व्हचा तो खड्डा कुणी उघडून बघत नाही. डासांसाठीच्या धूरफवारणीचे फोटो मात्र ग्रुपवर हजर. गॅस्ट्रोच्या साथीत, धूर!