खाड्याचे पैसे

मुलुंडला आईच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात दोन दिवस एकच विषय चालला होता: कामाच्या बाईने महिन्यात दोनापेक्षा जास्त खाडे केले तर पैसे कापायचे की नाही. आईने मला इथे स्टुटगार्टला फोनवर सगळं वाचून दाखवलं. कापायचेच, असं बहुतेकांचं मत. 'आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो', 'दिवाळीला साडी देतो', 'एकीला सवलत दिली की सगळ्या मागतील'. बोलणाऱ्या सगळ्या बायकाच. एकाही पुरुषाने तोंड उघडलं नाही, जणू ती भांडी त्यांच्या जेवणाची नव्हतीच.

मला राग आला. आई नोकरीला होती तेव्हा सकाळची फास्ट लोकल पकडायची. ती मिळायची, कारण भांडुपच्या चाळीतून एक मावशी साडेसहाला आमच्या दारात उभी असायची. धुणं, भांडी, केर-लादी. मावशीचा खाडा झाला की आईची गाडी चुकायची आणि ऑफिसात लेट मार्क लागायचा. पण आईला आजारपणाची पगारी रजा होती. मावशीला ताप आला की तिचे पैसे जायचे. मुंबईच्या बायका किती पुढे गेल्या हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरंही आहे. त्या हिशेबात मावशी मात्र कुठेच नसते.

इथे माझ्याकडे आठवड्यातून तीन तास सफाईला एक बाई येतात. नियमाप्रमाणे त्यांची 'मिनीजॉब' (कमी पगाराची छोटी नोकरी) म्हणून नोंद केली आहे. पगारी सुट्टी, आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार, अपघात विमा हे त्यांना मिळतं. मी चांगली म्हणून नव्हे, तो त्यांचा हक्क आहे म्हणून. (नोंद न करता रोखीने काम करून घेणारी घरंही इथे पुष्कळ आहेत.) तरी जर्मनीचे गोडवे मी गाणार नाही. रोज कामाला बाई ठेवणं इथे परवडत नाही, मग घरातली बाई स्वतःच्याच नोकरीचे तास कापते: नोकरी करणाऱ्या जवळपास निम्म्या बायका अर्धवेळ काम करतात. 1977 पर्यंत तर, बायकोने संसाराची कर्तव्यं सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करावी, असं पश्चिम जर्मनीच्या कायद्यातच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत. आठवड्याची सुट्टी मात्र काम देणाऱ्या घराच्या मर्जीवर राहिली. म्हणून सोसायटीनेच ठरवावं, असं मी आईला म्हटलं: महिन्याला चार पगारी सुट्ट्या, आजारपण वेगळं, दिवाळीचा बोनस त्याहून वेगळा, आणि सगळ्या घरांना एकच नियम.

'मग त्या दिवशी काम कोण करणार?' हा आईचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्तच आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 88. मावशीचा खाडा आपोआप आईच्याच माथी येतो.

सोसायटीचं अजून काही ठरलेलं नाही. आमच्या घरी दोन आठवड्यांपासून बाईला रविवारची सुट्टी आहे, पैसे न कापता. भांडी बाबा घासतात.