‘मला तर कधी काही झालं नाही’ : काळ्या मेंदीवरच्या कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार. खरं तर तुमच्या कमेंटखालीच दोन ओळी लिहून मोकळी होणार होते, पण लिहायला बसले आणि ते वाढतच गेलं, म्हणून वेगळंच टाकतेय. आधीचं ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैत्रिणीच्या वाढदिवसाला ट्रीट म्हणून तिला मेंदीचा टॅटू करून दिला, सोबत माझ्याही हातावर काढून घेतला. तिला काळाभोर हवा होता, पहिल्यांदा चौकशी केली तिथे ‘अर्ध्या तासात काळाकुळकुळीत करून देते’ असं सांगितलं, आणि मी तिला तिथून अक्षरशः ओढत दुसरीकडे नेलं, जिथे मेंदी स्वतः भिजवतात.

यावर तुमचं म्हणणं असं की तुम्ही कितीतरी वेळा काळी मेंदी काढलीय, कधी साधी खाजही आली नाही, मी उगाच लोकांना घाबरवतेय. वर वाढदिवसाच्याच दिवशी तिला तासन्‌तास हात आखडून बसवलं, रंग आला तो तपकिरी, तोही पंधरवड्यात गेला, ही ट्रीट की शिक्षा. आणि शेवटी, भाचीच्या वाढदिवसाला तुम्ही काळीच काढून देणार आहात.

‘काही झालं नाही’ हे आधी घेते, कारण बाकीचं आवडीनिवडीचं आहे, हे नाही.

तुम्हाला काही झालं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बऱ्याच जणांना नाहीच होत. पण मेंदीच्या पानात काळा रंग मुळातच नसतो हो. पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि त्याचा रंग आधी नारिंगी, मग लालसर, मग तपकिरी, तळहातावर फारच मस्त चढला तर गडद चॉकलेटी. बास. लिंबू पिळा, तेल घाला, रात्रभर हातावर ठेवा, तो कुळकुळीत काळा होत नाही. म्हणजे अर्ध्या तासात काळा उमटला तर तो मेंदीचा नाहीच, आत दुसरंच काहीतरी आहे आणि ते बहुतेक वेळा पीपीडी असतं, पॅरा-फिनिलीनडायमिन, काळ्या हेअर डायमध्ये असतं तेच.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की डोक्याला चालतं मग हाताला का नाही. एक तर डाय केसांसाठी असतो, थोड्या वेळाने धुवून टाकतो आपण, आणि तरीसुद्धा पाकिटावर लिहिलेलं असतं की आधी त्वचेवर थोडा लावून बघा आणि भुवया-पापण्यांना अजिबात लावू नका (कोण वाचतं म्हणा). युरोपात तर हेअर डायमध्येसुद्धा पीपीडी 2 टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर लावायला परवानगीच नाही. काळ्या कोनावर असलं काहीच लिहिलेलं नसतं. तपासलेल्या नमुन्यांमध्ये 15 टक्क्यांच्या वर सापडलंय, एका तपासणीत तर 30 टक्क्यांच्या जवळपास, आणि हे सरळ कातडीवर लावून सुकू द्यायचं.

आणि तुमचा ‘कितीतरी वेळा’ हा शब्दच मला खटकतो, कारण ही ऍलर्जी पहिल्या भेटीत बऱ्याचदा गप्पच बसते. वॉचमनने एखाद्याचा चेहरा लक्षात ठेवावा तसं शरीरातल्या टी पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ते रसायन लक्षात ठेवतात, पण त्या वेळी आरडाओरडा करत नाहीत. एकदा ओळख पक्की झाली की पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत हात पेटतो. पहिल्याच वेळी झालीच तर आठवडा-दोन आठवडे उलटून गेल्यावर होते, तोवर माणूस मेंदी विसरलेला असतो आणि साबणाला नाहीतर नव्या क्रीमला दोष देत बसतो. आणि ही ओळख जन्मभराची, पुसता येत नाही. म्हणजे आज हातावर हौस केली आणि बऱ्याच वर्षांनी पांढरे केस झाकायला डाय लावला की तोंड सुजून डोळे बंद, असं होऊ शकतं. शिवाय पीपीडीच्या नात्यातली बाकीची मंडळी असतात, बेन्झोकेनसारखी बधिर करायची औषधं, गडद कपड्यांमधले काही रंग, काहींना मग तीही सोसत नाहीत. अमेरिकेतल्या त्वचेच्या ऍलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने 2006 मध्ये पीपीडीला ‘ऍलर्जन ऑफ द इयर’ म्हणून जाहीर केलं होतं, असा मान कोणाला नको.

रिऍक्शन कशी दिसते तेही सांगते, कारण ‘थोडी खाज येते’ एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. जी नक्षी काढली तीच वर उठून येते. वेल असेल तर वेल, पान असेल तर पान, कडा लाल, फुगलेल्या आणि आतून पाण्याचे फोड. ते बसल्यावर तेवढ्याच आकाराचा पांढुरका डाग कित्येक महिने राहू शकतो, काहींना जाड वणही राहतो. टॅटू कायमचा हवा होता म्हणणाऱ्यांनी असा मागितला नव्हता बहुधा.

आता ट्रीट की शिक्षा.

तिथे त्या मुलीने कोनाचं टोक कातडीला टेकवलंच नाही. बोटभर वर धरलेला कोन, त्यातून मेंदीची एकसारखी बारीक तार खाली येत होती आणि ती हात हलवेल तशी मनगटावर पडत होती, टोक फक्त रेघ संपताना खाली यायचं आणि झटकन उचललं जायचं. मैत्रीण श्वास रोखून बसलेली. मध्येच म्हणाली, गार गार वाटतंय आणि गुदगुल्या होतायत, हसले तर पान वाकडं जाईल, आणि ते म्हणताना हसलीच. एक पान वाकडं गेलंच, मुलीने त्याचंच फूल करून टाकलं. मी मुद्दाम एकाच हातावर काढलं होतं, कारण दोघींमध्ये मिळून निदान एक हात तरी चालता हवा ना. पुढचे काही तास मी तिची सेक्रेटरी. डोळ्यावर आलेली बट मागे सार, स्ट्रॉने पाणी पाज, नाक खाजवून दे (वर नाही, जरा डावीकडे, अगं हळू), शुभेच्छांचे फोन कानाला लाव. मनगट वाकतं तिथे मेंदी सुकून तडकायला लागली की कापसाने लिंबू-साखरेचं पाणी टिपून लाव, म्हणजे पोपडे पडत नाहीत. ती एरवी बोलता बोलता फोन बघते, अर्धं ऐकते. त्या दिवशी बघणार कशाने? इतक्या गप्पा आमच्या बऱ्याच दिवसांत झाल्या नव्हत्या. तुम्हाला ही शिक्षा वाटते, मी याच्यासाठीच तर ही ट्रीट निवडली होती. हॉटेलात नेलं असतं तर तासाभरात बिल देऊन बाहेर.

आणि हा वेळ काय त्या मुलीने आमची हौस फेडायला लावला नव्हता. पावडर लिंबाच्या रसात भिजवून काही तास ठेवतात तेव्हा कुठे लॉसोन सुटं होतं, मग ते हळूहळू कातडीत उतरतं, म्हणून 6-8 तास ठेवली तर रंग खोल जातो. काढताना पाण्याने धुवायची नाही, बोथट काहीतरी घेऊन खरवडायची, जरा तेल चोळायचं, आणि पुढचा दिवसभर होईल तेवढं पाण्यापासून लांब. खरवडल्यावर खालचा रंग अगदी भडक नारिंगी, तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, एवढ्यासाठी बसवलंस का असं. मग हवा लागून तो 24 ते 48 तासांत गडद होत जातो. तळहातावर सगळ्यात गडद कारण तिथली कातडी जाड, मनगटावर जरा कमी, कोपराकडे आणखी फिका, त्यामुळे एकाच नक्षीत तीन छटा येतात. मला ते काळ्या सपाट रंगापेक्षा कितीतरी पटीने आवडतं, पण ही झाली आवड, इथे तुमचं-माझं जमलं नाही तरी चालेल.

पंधरवड्यात गेला म्हणून पैसे पाण्यात? वरचा मेलेला थर झडतो, त्याच्याबरोबर रंग जातो, ते होणारच. सुईच्या टॅटूची शाई त्याच्या खालच्या, जिवंत थरात सोडतात म्हणून तो राहतो. पण दुसऱ्याच्या अंगावर कायमचं काहीतरी गिफ्ट करायची माझी तरी हिंमत नाही. तिला आज वेल आवडते, उद्या नाही आवडली तर? मेंदीचं बरं आहे, जाईपर्यंत ती पुढची डिझाईन ठरवून बसली होती.

‘नॅचरल म्हणजे सगळं चांगलं असा तुमचा समज दिसतो’ असाही एक टोमणा होता. तसा समज नाही. जी6पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर अस्सल मेंदीनेही रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात, तान्ह्या बाळांना तर त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून बाळांना मेंदी लावूच नये. मेंदीत रंगासाठी निलगिरी वगैरे तेलं घालतात तीही काहींना झोंबतात. आणि ताजी भिजवलेली मेंदी फ्रीजरमध्ये ठेवली नाही तर थोड्याच दिवसांत तिचा रंग उतरतो, मग महिनोन्‌महिने फळीवर पडून राहिलेला रेडिमेड कोन तरीही झकास रंगत असेल तर आत काय आहे हा प्रश्न तपकिरी रंगाच्या कोनालाही विचारायचा. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, तर अस्सल मेंदीलासुद्धा फक्त केसांच्या रंगासाठी मान्यता देतं, कातडीसाठी नाही. मला ते जरा अतीच वाटतं, पण आहे ते असं आहे.

काळंच हवं असेल तर जगुआ म्हणून एक प्रकार असतो, दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या कच्च्या फळाचा रस, तिथले आदिवासी पूर्वीपासून अंगावर नक्षी काढायला वापरतात. त्यातलं जेनिपिन कातडीतल्या प्रथिनांशी जुळून निळसर काळा रंग देतं. तोही अर्ध्या तासात काळा होत नाही बरं का, रंग पुरता चढायला दिवस-दीड दिवस लागतोच, आणि त्याचीही ऍलर्जी काहींना झालेली आहे, त्यामुळे आधी छोटा ठिपका लावून बघायचा. काळा कोन विकणारा ‘हे जगुआच आहे’ म्हणाला तर लगेच काळा उमटतो का एवढंच बघा.

राहिली भाची. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्या हातावर काय लावायचं ते तुम्ही ठरवा, मी कोण सांगणारी. पण तिच्या हातावर लावण्याआधी कोनवालीला दोन गोष्टी विचारा, यात काय काय घातलंय आणि किती वेळ ठेवायची. ‘काळी मेंदी, सिक्रेट आहे’ आणि ‘अर्धा तास’ अशी उत्तरं आली तर पोरीला घेऊन सरळ उठा. तुम्ही स्वतः पुढेमागे केस काळे करणार असाल तर पार्लरवालीला आधीच सांगा की मी काळी मेंदी बऱ्याचदा काढलेली आहे, आणि आधी कधी खाज किंवा फोड आले असतील तर डाय लावायच्या आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या, घरी प्रयोग नको. भाचीसाठी साध्या मेंदीची सोपी डिझाईन हवी असेल तर सांगा, मैत्रिणीच्या हातावरच्या वेलीचे फोटो आहेत माझ्याकडे, तिला विचारून पाठवते.