माश्यांवर ‘बीटी’ची पूड : त्या मेसेजमधलं खरं किती?

सगळीकडे फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा : ‘बीटी नावाच्या जिवाणूंची कुठलीही पूड पाण्यात कालवून घरात फवारा. एका दिवसात सगळ्या माश्या मरतात, पुन्हा होत नाहीत, त्यांच्यात प्रतिकारशक्ती येत नाही आणि नैसर्गिक असल्यामुळे कुणालाच अपाय नाही.’

‘कुठलीही बीटी चालते.’ नाही चालत. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस; या जिवाणूचे अनेक उपप्रकार आहेत आणि प्रत्येकाची भक्ष्यं ठरलेली. कुर्स्टाकी हा पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांसाठी. १९७६ मध्ये इस्राएलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात सापडलेला इस्राएलेन्सिस डासांच्या अळ्यांसाठी. दुकानात मिळणारी पूड बहुधा या दोहोंपैकीच एक असते, आणि घरमाशीवर तिचा म्हणावा तसा परिणाम होत नाही.

‘फवारलं की माश्या मरतात.’ हे अंगाला लागून मारणारं औषध नव्हे. जिवाणूतले प्रथिनांचे स्फटिक पोटात जावे लागतात. तिथे ते विरघळून आतड्याला भोकं पाडतात. म्हणजे मारायची ती अळी, आणि अळी असते शेणात, कुजक्या ओल्या कचऱ्यात. भिंतीवर फवारून तिचं काय बिघडणार? शिवाय घरमाशीची अळी जिवाणू खाऊनच वाढते. निर्जंतुक खाद्यावर ती नीट वाढतही नाही. तिच्या आतड्याचा मधला भाग चांगलाच आम्लधर्मी असतो, तिथे जिवाणू मरतात आणि पचतात. आपण शत्रू म्हणून धाडतोय ते तिचं रोजचं जेवण! म्हणून तिच्यासाठी निवडक वाणच लागतात. ब्रेव्हिबॅसिलस लॅटेरोस्पोरस या जिवाणूच्या काही वाणांनी घरमाशीच्या अळ्या आणि प्रौढ माश्याही मारल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. या विषयात आशा आहे ती इथे. मेसेजमध्ये मात्र त्याचं नावही नाही.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’ अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचा जिवाणूही नैसर्गिकच, आणि बीटीचा जवळचा नातेवाईक. बीटीचे काही वाण बीटा-एक्सोटॉक्सिन नावाचं विष सोडतात. त्याने घरमाशीच्या अळ्या खरोखर मरतात. पण ते पेशीत आरएनए तयार होण्याची क्रियाच अडवतं, त्यामुळे सस्तन प्राण्यांनाही घातक ठरतं. म्हणूनच अनेक देशांत बीटीच्या उत्पादनांत ते चालत नाही. ते नसलेल्या, नोंदणीकृत बीटीचा माणसाला धोका फार कमी, एवढं मान्य.

‘प्रतिकारशक्ती येतच नाही.’ कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने शेतातच बीटीला दाद देणं सोडलं. हवाई बेटांवरची ती नोंद १९९० ची आहे.

‘परत होत नाहीत.’ उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात आणि मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. शेण-कचरा आठवड्याच्या आत हलवला, वाळवला किंवा घट्ट झाकला, तर ही साखळी तुटते. जिवाणू वापरायचाच असेल, तर घरमाशीसाठी नोंदलेला घ्या आणि अळ्या लहान असतानाच त्या ओल्या ढिगात खोलवर मिसळा.