खानापूरच्या वाचकांना: माझी आई भाबडी नव्हती

'देव वचन विसरत नाही' या माझ्या लेखाखाली खानापूरच्या एका वाचकांनी लिहिलंय, "तारीख नसलेलं वचन म्हणजे ठेकेदाराचं 'पुढच्या हप्त्याला बघू'. तुमच्या आईसारख्या भाबड्या बायका त्यावर जन्म काढतात." शिवाय आकड्याची एक चूक दाखवलीय, आणि बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाबद्दल बरंच काही.

आधी चूक. इस्राएल लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, 430 वर्षं राहिले, असं बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात आहे. मी लिहिलेला 400 हा आकडा उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायातला, इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम याला देवानं आधीच सांगितलेला. माझ्याकडून दोन्हींची सरमिसळ झाली. मान्य. पण त्यावर "तुमचा देव तीस वर्षं लेट" ही कोटी कशाला? एकीकडे तारीखच नाही म्हणता, दुसरीकडे तारीख चुकली म्हणता. काहीतरी एक ठरवा की!

आता 'भाबडी'. आई निपाणीत बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पानं. हजार बिड्या नेऊन दिल्या की ठेकेदार त्यातल्या मूठ-दोन मूठ 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि बिड्या मात्र त्याच्याकडेच. मजुरी वाढवतो, हा त्याचा शब्द मी चौथीपासून मॅट्रिकपर्यंत ऐकला. आईनं तो कधी खरा धरला नाही. वहीत छाटसुद्धा मांडून ठेवायची. ठेकेदार आणि देव यांतला फरक तुम्ही तिला शिकवणार? तिचा दोघांशीही रोजचा व्यवहार होता.

अब्राहामाची बायको सारा, तिची गोष्ट सांगताना आई हसायची. नव्वदीला मूल होणार म्हटल्यावर सारा तंबूच्या दाराआड हसली, तर आई म्हणायची, "मीपण हसले असते." अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा 75 वर्षांचा, त्यांचा मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. अख्खा कनान देश देवानं ज्याला देऊ केला, त्याच्याकडे बायकोला पुरायला जागा नव्हती. एफ्रोन नावाच्या जमीनमालकाला 400 शेकेल चांदी मोजून मकपेलाची गुहा घ्यावी लागली. शास्त्रानं हे झाकलेलं नाही. ही माणसं वचनाचं फळ हाती न येताच, ते दुरून बघून मेली, असं इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. हे वाचूनही जी विश्वास ठेवते ती भाबडी, तर मग 1956 पासून सीमाप्रश्नाची वाट बघणाऱ्या तुमच्या-माझ्या घरच्यांना काय म्हणायचं? तिथं तर वचन देणारे दर निवडणुकीला बदलतात.

राहिलं यिर्मया 29. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना 70 वर्षांची मुदत सांगणाऱ्या पत्रातली ओळ मी माझ्या नोकरीला चिकटवली, असं तुमचं म्हणणं. त्यावर बोलता येईल, पण या सुरात विचारल्यावर नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. 'भाबड्या' एवढा शब्द तुम्हीच काढलात तर बरं.