सिनेमाच्या नावापुढचा तो आकडा वाचा

मुलांना सिनेमाला नेताना शो किती वाजता, सीट कुठली, पार्किंग मिळेल का, सगळं आपण बघतो. सिनेमा कुठल्या वयासाठी आहे हे सांगणारं सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र मात्र बघत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला आणि सरसकट ‘यूए’च्या (म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा सिनेमा) जागी यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आले. ‘ए’ सिनेमाला अठराच्या आतल्यांना प्रवेशच नाही. पण यूए १६+ ला आठ वर्षांचं मूल नेलंत तरी कायदा अडवत नाही, तो निर्णय आईवडिलांचा. ब्रिटनमध्ये ‘१५’ शिक्क्याच्या सिनेमाला चौदा वर्षांच्या मुलाला आईवडील सोबत असले तरी आत सोडत नाहीत. आपल्याकडे कायद्याने पालकांवर केवढा विश्वास टाकलाय! आणि आपण म्हणतो, ‘लहान आहे, त्याला काय कळतंय!’

मुलाला घरी कुणाकडे ठेवायचं, ही अडचण मला कळते. आजी-आजोबा गावी, शेजारी दाराला कुलूप. पण ‘काय कळतंय’ हे मला अजिबात पटत नाही. गोष्ट कळत नसेल, पण किंकाळी कळते, रक्त कळतं, अंधारात कानठळ्या बसवणारा आवाज कळतो. मध्ये एका शोला पुढच्या रांगेतली चिमुरडी आईच्या कुशीत तोंड खुपसून ‘घरी चल ना’ म्हणत होती. वडील समजावत होते, ‘अगं, खोटं असतं ते.’ मध्यंतरानंतरही ते तिघं तिथेच होते.

घरीही तेच. पडद्यावर चुंबन आलं की रिमोटसाठी धावपळ, आणि कुणाचा गळा चिरला जात असताना आपण निवांत वरणभात कालवतो. मुलांना यातून काय शिकवतोय आपण?

ओटीटीवाल्यांना २०२१ च्या नियमांनुसार वयोगटासोबत हिंसा, भाषा असं कारणही दाखवावं लागतं आणि १३+ पासून पुढे लॉकची सोय द्यावी लागते. माझ्या ओळखीत ते लॉक लावणारी घरं फार थोडी. बाकीच्या घरांत मुलं बाबांच्याच प्रोफाइलवर.

थिएटरच्या पोस्टरवरही आकड्याशेजारी कारण ठळक छापलं पाहिजे, मराठीतून, नातवाला घेऊन जाणाऱ्या आजोबांनाही वाचता येईल असं. ते होईल तेव्हा होईल. आत्ता तिकीट काढण्याआधी आकडा बघा. आणि मूल घाबरून रडायला लागलं, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, त्याला घेऊन बाहेर या.