केबिनवर गंज का नाही? दोन ताऱ्यांच्या परीक्षणाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचं परीक्षण पूर्ण वाचलं, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. १/२५ मापाचा पीटरबिल्ट ३५९ (अमेरिकन मालवाहू ट्रक) मॉडेल म्हणून, चासी (ट्रकचा खालचा सांगाडा) लांबवलेली, आणि मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवर वीस वर्षं राबलेला दिसायला हवा, अशी तुमची ऑर्डर होती. तुम्ही लिहिलंय की गंजलेला ट्रक मागितला तरी केबिनवर गंज नाही, नुसते पांढरट डाग आहेत. डाव्या बाजूचा रंग उडालाय आणि उजवी बाजू जवळपास नवी, म्हणजे काम अर्धवट सोडलंय. डिझेल टाकीवर व्हार्निश सांडलंय. चासीला जोड दिसतो. मडफ्लॅपला हात लावला की बोट तपकिरी होतं. आणि एवढ्यासाठी वेळ फार घेतला. मॉडेल करून घ्यायचा विचार करणारे इतर लोकही हे वाचतील, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

केबिनपासून सुरुवात करतो, कारण तुमची मुख्य नाराजी तिथेच आहे. १९६७ ते १९८७ या काळात बनलेल्या या ट्रकची केबिन अ‍ॅल्युमिनियमची असते. तांबूस गंज चढतो तो लोखंडावर. अ‍ॅल्युमिनियमला मीठ आणि ओलावा लागला की रंगाखाली फुगे येतात, रंग सुटतो आणि खाली पांढरट, पिठूळ थर दिसतो. त्यातही पोलादी बोल्ट जिथे अ‍ॅल्युमिनियमला भिडतो तिथे हा त्रास जास्त, कारण दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी असलं की अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं. तुमच्या मॉडेलवर आरशाच्या दांड्यांच्या बुडाशी जे पांढरट डाग आहेत ते हेच. त्याच बोल्टांच्या डोक्यांखाली तपकिरी ओघळ आहेत, ते बोल्टचा स्वतःचा गंज वाहून आलेले. भिंग घेऊन पाहिलंत तर दिसतील. बारीक आहेत, कारण १/२५ मापात १ मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या ट्रकवर २५ मिलिमीटरचा. बोल्टच्या डोक्याएवढा गंज दाखवायचा तर ब्रशचं टोकच टेकवावं लागतं. ६० सेंटिमीटरवरून मॉडेल पाहणं म्हणजे खरा ट्रक १५ मीटरवरून पाहणं, आणि तेवढ्या अंतरावरून खऱ्या ट्रकचेही बोल्ट मोजता येत नाहीत.

खरा गंज चासीवर आहे आणि तिथे आम्ही मुळीच हात आखडता घेतलेला नाही. आधी तीन-चार तपकिरी छटांचा थर, तो सील करून त्यावर हेअरस्प्रे, वर काळा अ‍ॅक्रिलिक रंग, मग पाण्याने ओला करून ताठ ब्रशने टोकरणं. पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो आणि काळ्या रंगाचे पोपडे निघून खालचा गंज उघडा पडतो. म्हणून चाकांच्या मागे, जिथे खारं पाणी सतत उडतं, तिथे पोपडे मोठे आहेत आणि इंजिनखाली, जिथे तेलाचा राप बसतो, तिथे जवळपास नाहीत. तेल लागलेलं लोखंड सहसा गंजत नाही.

डावी आणि उजवी बाजू मुद्दामच वेगळी आहे. अमेरिकन ट्रकचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. तो दिवसातून कितीतरी वेळा पायरीवर बूट ठेवतो, दांडी धरतो, दार ओढतो. उजवं दार क्वचित उघडतं. दोन्ही पायऱ्या सारख्याच झिजवल्या असत्या तर हा ट्रक चालवणारा माणूस कुठे बसत होता, हे मॉडेलवरून कळलं नसतं. माझ्या मते वेदरिंगमध्ये, म्हणजे मॉडेल वापरून जुनं झालेलं दाखवण्याच्या कामात, सर्वांत महत्त्वाचं हेच आहे: प्रत्येक डागाला कारण हवं.

टाकीवरचा चमकदार काळपट ओघळ म्हणजे झाकणाखाली सांडलेलं डिझेल. त्यावर धूळ चिकटते, पण मधला पट्टा ओलसरच दिसतो. तो ऑइल रंगात थोडं चकचकीत व्हार्निश मिसळून काढलाय. किटमधल्या टाक्यांवर क्रोमचा मुलामा असतो, तो आरशासारखा चमकतो. वीस वर्षं वापरलेलं अ‍ॅल्युमिनियम तसं चमकत नाही. म्हणून मुलामा काढून टाक्या नव्याने रंगवल्या आणि मगच हा डाग दिला.

आता चासी. तुम्ही ती २४ मिलिमीटर लांब करायला सांगितली होती, म्हणजे खऱ्या ट्रकची ६० सेंटिमीटर. चासीच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या एकाच रेषेत कापल्या असत्या तर तिथेच वाकल्या असत्या, म्हणून काप पुढेमागे घेतले आणि मधे स्टायरिन प्लास्टिकचा तुकडा जोडला. आतून आधाराची पट्टी आहे. बाहेरून जी बोल्ट मारलेली पट्टी तुम्हाला जोड वाटली ती आम्ही वेगळी बनवून लावली, कारण खऱ्या ट्रकची चासी लांबवली की जोडावर अशी मजबुतीची पट्टी बसवतात. मॉडेल उलटं करून पाहा: प्रोपेलर शाफ्टही (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) दोन भागांत केलाय आणि मधे बेअरिंगचा आधार दिलाय. एवढा लांब शाफ्ट एकसंध ठेवला तर वेगात तो हेलकावे खाऊ लागतो. शेल्फवरच्या मॉडेलमध्ये हे कुणाला दिसणार, असं म्हणता येईल. मला ते काम मनापासून आवडतं आणि तुमच्या ट्रकमधला तोच भाग माझ्या सर्वांत आवडीचा आहे.

बोटाला लागलेला तपकिरी रंग म्हणजे पिगमेंट पावडर, रंगाची कोरडी भुकटी. सुकलेल्या चिखलाचा कोरडा, धुळकट पोत दुसऱ्या कशानेच तसा येत नाही. ती फिक्सरने बसवली आहे, पण फिक्सर पावडरीला जागेवर धरून ठेवतो, बोटाचा घासा तो सोसत नाही. वरून मॅट व्हार्निश मारलं तर पावडर गडद होते आणि निम्मी धूळ दिसेनाशीच होते. खोक्यातल्या कागदावर 'टाक्यांखालून, चासीला धरून उचला' असं लिहिलंय ते यासाठीच.

वेळेबद्दल थोडक्यात. ऑइल रंग सुकायला कित्येक दिवस लागतात. खालचा थर कच्चा असताना वरचा दिला तर त्यातलं टर्पेंटाईन खालचा रंग उचलतं. ते थांबणं टाळता येत नाही आणि आम्ही ते टाळतही नाही.

मॉडेल सतत हाताळलं जाणार असेल, तर आमच्याकडे पाठवा. मडफ्लॅप आणि पायऱ्यांवरची पावडर काढून तिथे ऑइल रंगाचा चिखल करून देऊ. तो बोटाला लागणार नाही, मात्र दिसायला थोडा गडद आणि कमी धुळकट असेल. याचे वेगळे पैसे घेणार नाही. या केबिनवर मात्र तांबडा गंज चढवणार नाही. केबिनही गंजलेलीच हवी असेल तर पोलादी केबिनचा एखादा ट्रक निवडा. त्यावर दारांचे खालचे काठ, चाकावरच्या कमानी, काचेखालची पट्टी, जिथे जिथे पाणी साचतं तिथे गंजाने पोखरलेला पत्रा मी आनंदाने करून देईन.