रूट केलेल्या फोनचा ताबा नेमका कोणाकडे?

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्याकडे तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरून आला: परळच्या आमच्या इमारतीच्या, ऑफिसच्या आणि शाळेतल्या मित्रांच्या. ‘पैसे तुमचे, फोन मात्र कंपनीचा’ असे त्याचे शीर्षक आहे. कंपन्या फोनला मुद्दाम कुलूप लावतात. ते काढून फोन रूट केला, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर सर्वाधिकार मिळवला, की जुना फोन नव्यासारखा पळतो आणि बॅटरी दुप्पट टिकते. बँकेची अ‍ॅप्स बंद पडतात हा निव्वळ बागुलबुवा आहे, कारण रूट लपवता येते. सावध माणसाला व्हायरसची भीती नसते. आणि जमले नाहीच तर पुन्हा लॉक करून टाकावे, कोणाला पत्ताही लागत नाही, असे त्यात छातीठोकपणे सांगितले आहे. मी स्वतः आजवर पाच-सहा फोन रूट केले आहेत आणि त्यांतला एक अजून वापरात आहे. त्यामुळे या मजकुराला उत्तर देताना रूट करणे हे पाप आहे अशी माझी भूमिका नाही.

‘फोन मात्र कंपनीचा’ या तक्रारीत तथ्य आहे. अँड्रॉइडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात बहुतेक फोनवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत असत, हे आज कॉलेजात असणाऱ्यांना खरेही वाटणार नाही. फॉन्टची फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकली की अक्षरे दिसू लागत, पण त्या फोल्डरला हात लावायला रूटच लागे. मी ते केले तेव्हा आईने पाठवलेला ‘किती वाजता येशील’ हा निरोप पहिल्यांदा वाचता आला, तोही ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसलेली, कारण फॉन्ट आला तरी अक्षरे जुळवणारी यंत्रणा फोनमध्ये नव्हतीच. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर स्वतःची भाषा वाचण्यासाठी कुलूप काढावे लागले होते, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

परंतु रूट म्हणजे मालकी, हे समीकरण तिथून पुढे चालत नाही. अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे आणि त्यात प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो. चाळीत जशा शेजारी शेजारी खोल्या असतात पण प्रत्येकीचे कुलूप वेगळे असते, तशी ही रचना आहे. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. फोन रूट केल्यावर हा जुडगा ‘तुम्हाला’ मिळतो असे आपण म्हणतो खरे, पण फोनच्या आत तुम्ही नसता, अ‍ॅप असते. पडद्यावर ‘परवानगी द्यावी का’ असे विचारले जाते, तुम्ही होय म्हणता आणि त्या क्षणापासून जुडगा त्या अ‍ॅपच्या हातात जातो. त्यानंतर ते कोणती खोली उघडते हे तुम्हाला दाखवण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

‘जुना फोन नव्यासारखा पळतो, बॅटरी दुप्पट टिकते’ या दाव्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताना सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, अनलॉक करणे म्हणजे कंपनीची सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ देणे. कस्टम रॉम टाकणे म्हणजे सिस्टिमच बदलणे. आणि रूट म्हणजे चालू सिस्टिममध्ये सर्वाधिकार मिळवणे. कंपनीने अपडेट बंद केलेल्या फोनला लिनिएजओएससारख्या रॉममुळे खरोखर नवे आयुष्य मिळू शकते, पण त्यासाठी रूट लागत नाही आणि लिनिएजओएस स्वतःहून ते देतही नाही. नुसत्या रूटने प्रोसेसर बदलत नाही, मेमरी वाढत नाही आणि तीन वर्षे चार्ज होऊन थकलेली बॅटरी ताजी होत नाही. बॅटरी बदलून घेतलेली बरी. नको असलेली अ‍ॅप्स संगणकाला केबल जोडून, रूट न करता, आपल्यापुरती काढून टाकता येतात. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते कोणत्या सर्व्हरला विचारायचे ते आपण ठरवण्याची, सोय असल्यामुळे बऱ्याच जाहिरातीही रूटविना अडवता येतात. एके काळी ज्या कामांसाठी रूट अटळ होते, त्यांतली बरीचशी आता साध्या सेटिंगमध्ये आली आहेत, याची या मजकुराच्या लेखकाला खबर दिसत नाही.

सर्वांत घातक विधान बँकेच्या अ‍ॅपविषयीचे आहे. ‘लपवणारे मॉड्यूल टाका, अ‍ॅपला काही कळत नाही’ असे ते विधान; मॉड्यूल म्हणजे रूट करणाऱ्या साधनाला जोडायचा छोटा प्रोग्राम. पूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. जॉन वू यांनी २०१६ साली आणलेल्या मॅजिस्क या साधनाची लोकप्रियताच त्यावर उभी राहिली: मूळ सिस्टिमच्या फाइली न बदलता रूट द्यायचे आणि शोधणाऱ्या अ‍ॅपपासून ते दडवायचे. आता तपासणीची जागा बदलली आहे. फोनमधल्या सुरक्षित भागात कारखान्यातच बसवलेली एक गुप्त किल्ली असते. बूटलोडर लॉक आहे की नाही, याचा दाखला तो भाग त्या किल्लीने सही करून देतो आणि त्याची पडताळणी तुमच्या फोनवर नव्हे, तर दूरच्या सर्व्हरवर होते. अनलॉक केलेला फोन स्वतःविषयी खोटा दाखला देऊ शकत नाही. म्हणून लपवणारी मंडळी दुसऱ्याच कुठल्या तरी फोनमधून फुटलेली किल्ली मिळवतात आणि तिने सही करतात. अशी किल्ली हजारो लोक वापरू लागले की गूगलच्या लक्षात येते आणि ती रद्द होते. मग नवी फुटलेली किल्ली शोधायची.

या खेळाचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे मी एका मित्राच्या बाबतीत पाहिले. दादरच्या फुलबाजारात सकाळी सात वाजता त्याने झेंडूचे हार घेतले, क्यूआर कोड स्कॅन केला आणि आदल्या रात्रीपर्यंत चालणाऱ्या अ‍ॅपने ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असे सांगून तोंड मिटले. खिशात रोकड नव्हती, फुलवाली मावशी हार परत ठेवायला लागली होती, आणि हा पठ्ठ्या टेलिग्रामवर नवी किल्ली शोधत उभा होता. पैसे मी दिले. त्यातली खरी चिंता मात्र फजितीची नाही. मॅजिस्कचे मॉड्यूल रूटच्या अधिकारानेच चालते. म्हणजे बँकेला फसवण्यासाठी, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाने चॅनेलवर टाकलेली फाइल, बँकेचे अ‍ॅप ज्या फोनवर आहे त्याच फोनमध्ये, सर्वाधिकार देऊन बसवायची. कंपनीच्या हाती फोन नको म्हणून निघालेला माणूस तो अशा रीतीने अनोळखी इसमाच्या हाती सोपवतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो.

पैसे गेलेच तर ‘बँक भरून देते’ असेही त्या मजकुरात ओझरते लिहिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. सुरक्षा तपासणी मुद्दाम चुकवणारा फोन समोर ठेवून आपण निष्काळजी नव्हतो हे पटवून देणे सोपे जाईल, असे मला वाटत नाही.

‘सावध माणसाला व्हायरसची भीती नाही’ या वाक्याच्या खालीच एका बटणात रूट करणाऱ्या अ‍ॅपचा दुवा दिलेला आहे, यातला विनोद लेखकाच्या ध्यानात आला नसावा. असे अ‍ॅप जादू करत नाही. ते फोनमधले एखादे न बुजवलेले भगदाड शोधून त्यातून आत शिरते. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आलेली ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून होती आणि तिच्यातून अँड्रॉइड फोनही रूट करता येत असत. ज्या भगदाडातून तुमचे अ‍ॅप शिरले, त्यातून दुसऱ्याचेही शिरू शकते. एका बटणाची युक्ती फोनवर चालली, याचा अर्थच तो फोन उघडा आहे.

शिवाय धोका नेहमी इंटरनेटवरूनच येतो असे नाही. लोकलच्या दारात फोन मारला गेला आणि बूटलोडर उघडा असला, तर पिन ठाऊक नसलेल्या चोराला आतली माहिती लगेच वाचता येत नाही, कारण ती कूटबद्ध असते. पण चोरीचा फोन पुन्हा सुरू करताना जुने गूगल खाते मागणारा अडथळा तो पुसून टाकू शकतो आणि फोन विकायला मोकळा होतो. दुरुस्तीसाठी दोन तास कोणाकडे ठेवलेल्या फोनची गोष्ट याहून वाईट आहे. त्यात बदललेली सिस्टिम भरून तो परत दिला, तर पुढचा पिन तुम्ही स्वतःच्या हाताने टाकता.

कायद्याबद्दल मजकुरात घातलेला घोळ दोन वाक्यांत मिटतो. स्वतःचा फोन रूट करणे आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनची ओळख पटवणारा, क्रमांक बदलणे या वेगळ्या गोष्टी असून, दुसरी गोष्ट २०१७ च्या नियमांपासून बेकायदा आहे. रूट केल्यावर ती करून देणारेही भेटतात; त्यांच्या नादी लागू नये.

राहिले ‘पुन्हा लॉक करा, कोणाला पत्ता लागत नाही’. पहिली गोष्ट म्हणजे अनलॉक करताना फोनमधली सगळी माहिती पुसली जाते आणि परत लॉक करताना साधारणपणे पुन्हा पुसली जाते. बॅकअप न घेतलेले घरचे फोटो त्यात जातात. दुसरी गोष्ट अशी की, बदललेली सिस्टिम तशीच ठेवून बूटलोडर लॉक केला, तर सही जुळत नाही म्हणून फोन सुरूच होत नाही, आणि मग त्याची वीट होते. सॅमसंगच्या फोनमध्ये तर नॉक्स नावाच्या सुरक्षा व्यवस्थेसाठी चिपमध्ये एक सूक्ष्म फ्यूज ठेवलेला असतो. कंपनीची सही नसलेली सिस्टिम चढवली की तो उडतो. मूळ सिस्टिम परत टाकली, कुलूप पुन्हा लावले, तरी तो जुळत नाही आणि खासगी फाइली कुलपात ठेवणाऱ्या सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर कायमच्या बंद राहतात.

माझा असाच एक फोन मी लॅमिंग्टन रोडवर विकायला नेला होता. मूळ सिस्टिम टाकलेली, लॉक केलेला, काच पुसून चकचकीत केलेला. दुकानदाराने बॉडीकडे पाहिलेही नाही. फोन बंद केला, दोन-तीन बटणे एकदम दाबून डाउनलोडचा पडदा उघडला, तिथल्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर नखाने टिचकी मारली, जिथे फ्यूज उडाल्याची खूण म्हणून शून्याऐवजी एक होता, आणि ठरलेल्या किमतीतून दीड हजार कमी केले.